निःश्वासाची वाट : हवाशीतल व्हॅनचा सायलेन्सर आणि भोपाळचा उन्हाळा

मोटारीचे इंजिन थंड ठेवण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत इंजिनाच्या पोटातून पाणी फिरवले जाते, ते रेडिएटरमध्ये निवते आणि पुन्हा पोटात परतते. दुसरीत पाणी नसतेच, तर सिलिंडरांच्या बाहेरच्या अंगाला ओतीव पाकळ्या काढलेल्या असतात आणि पंख्याने लोटलेली हवा त्या पाकळ्यांमधून वाहत जाऊन उष्णता आपल्याबरोबर नेते. या दुसऱ्या पद्धतीच्या इंजिनाला हवाशीतल इंजिन म्हणतात. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येते, साधारण तेवढीच पाकळ्यांवाटे आणि तेलावाटे बाहेर पडते आणि उरलेली जळक्या वायूबरोबर निघून जाते. त्या वायूच्या वाटेला, म्हणजे सिलिंडरच्या तोंडापासून मागच्या नळीच्या टोकापर्यंतच्या साऱ्या जोडणीला, शास्त्रीय भाषेत निष्कास यंत्रणा म्हणतात. गॅरेजमध्ये ती सगळीच ‘सायलेन्सर’ या एका शब्दात उरकली जाते. पाणी असलेल्या गाडीत ही वाट थोडी तुंबली तर वाढलेली उष्णता पाणी काही काळ पोटात घेते, पण हवाशीतल गाडीत असा मधला सांभाळणारा कोणी नसल्याने वायूच्या वाटेतला प्रत्येक दोष थेट सिलिंडरच्या माथ्यावर आणि झडपेवर येतो. म्हणूनच जुन्या हवाशीतल व्हॅनची निष्कास यंत्रणा सुधारणे हे आवाजाचे किंवा वेगाचे काम नसून मुळात थंडाव्याचे काम आहे, आणि भोपाळसारख्या गावात तर ते दुसरे काही असूच शकत नाही.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध व्हॅन म्हणजे फोक्सवॅगनची ‘टाइप २’, जिला जगभर ‘कोम्बी’ किंवा नुसते ‘बस’ म्हणून ओळखतात. बेन पॉन या डच मोटारविक्रेत्याने एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत पेटीसारख्या एका गाडीचे रेखाचित्र काढले. त्यातूनच पुढे ८ मार्च १९५० रोजी वोल्फ्सबुर्ग येथे या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हानोव्हरच्या नव्या कारखान्यात गेले. पहिल्या गाड्यांत ११३१ घन सेंटिमीटरचे, अवघ्या २५ अश्वशक्तीचे इंजिन मागच्या चाकांच्या मागे बसवलेले होते. पुढे ते ११९२, १४९३ आणि १५८४ घन सेंटिमीटर असे वाढत गेले. पुढची काच दुभागलेली पहिली पिढी १९६७ पर्यंत चालली, एकसंध वळणदार काचेची दुसरी पिढी जर्मनीत १९७९ पर्यंत निघाली, आणि ब्राझीलमध्ये तर हेच हवाशीतल इंजिन लावलेली कोम्बी २००५ च्या अखेरपर्यंत बनत होती.

ही व्हॅन भारतात कधी तयार झाली नाही. परदेशातून आलेल्या थोड्याच गाड्या इथे पोचल्या आणि त्यांतल्या टिकलेल्या आज संग्राहकांच्या मोलाच्या झाल्या आहेत. मराठी वाचकाचे तिच्याशी असलेले नाते मात्र त्याच्या कल्पनेपेक्षा जवळचे आहे. हॅम्बुर्ग-हारबुर्ग येथील ‘फिडाल आणि सोन’ या कंपनीने १९४९ मध्ये ‘टेम्पो माटाडोर’ नावाची छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली, आणि तिच्यात फोक्सवॅगनचेच २५ अश्वशक्तीचे हवाशीतल इंजिन होते. १९५२ मध्ये फोक्सवॅगनने ही इंजिने देणे थांबवल्यावर त्या गाडीला दुसरी इंजिने लावावी लागली. याच जर्मन कंपनीशी करार करून अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातील स्वातंत्र्यसैनिक उद्योजक नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली, जी पुढे पुण्याजवळ आकुर्डीत स्थिरावली आणि आज फोर्स मोटर्स या नावाने चालते. तिच्या तीनचाकी गाडीमुळे ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले, आणि पुढे आलेल्या मॅटाडोरमुळे वऱ्हाड नेणाऱ्या, शाळेची मुले नेणाऱ्या प्रत्येक डबा-गाडीला मॅटाडोर म्हणण्याची सवय पडली. भारतीय मॅटाडोर पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाची होती, त्यामुळे तिचे सुटे भाग कोम्बीला उपयोगी नाहीत. पण नावाच्या वंशावळीत मागे गेले की तिचा पूर्वज फोक्सवॅगनच्या हवेवर चाललेला सापडतो. या कंपनीचा दुसरा मोठा कारखाना मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पीथमपूरला आहे, आणि तिथवर भोपाळहून काही तासांत पोचता येते.

भोपाळ हे गाव या विषयासाठी योग्य का, याची दोन कारणे आहेत. एक कारण माणसांचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली तेव्हा जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरहून सरकारी नोकरदारांची कितीतरी मराठी कुटुंबे इथे येऊन राहिली, आणि ज्या वसाहतींत नोकरदारांची घरे उभी राहिली त्यांतल्या एका मोठ्या भागाला तात्या टोपे यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्याने स्थापन झालेला अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना, म्हणजे आजचे ‘भेल’, पुढे टर्बाइनची आणि विद्युत मोटारींची कामे करू लागला. त्याच्या आश्रयाने गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत वाढली. लेथ, वेल्डिंग, पत्र्याचे काम, ओतकाम जाणणारे हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था असलेल्या मौलाना आझाद महाविद्यालयाने त्यांच्या जोडीला शिकलेले अभियंते दिले. ज्या गाडीचे भाग विकत मिळत नाहीत तिला घडवून देणारे हात लागतात, आणि भोपाळमध्ये ते आहेत.

दुसरे कारण हवेचे. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर राहणे इथे नित्याचे आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. त्यात ४२ अंश तापमान धरले तर हवेची घनता, म्हणजे एका घनमीटर हवेत भरलेले वजन, समुद्रसपाटीवरील १५ अंश तापमानाच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी घटते. पंखा एका फेऱ्यात ठरावीक घनफळाची हवा लोटतो, ठरावीक वजनाची नव्हे. म्हणजे मे महिन्यातल्या भोपाळात तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही सुमारे सातवा हिस्सा कमी हवा पाकळ्यांना पोचवतो, आणि जी पोचते ती आधीच तापलेली असल्याने तिची उष्णता घेण्याची ताकदही कमी. जर्मनीच्या हवामानासाठी बांधलेल्या इंजिनाकडे तिथे जी राखीव थंडाव्याची शिल्लक होती, ती इथे जवळजवळ संपून जाते. अशा वेळी निष्कास यंत्रणेने उष्णता अडवून धरली किंवा पुन्हा पंख्याच्या तोंडी आणून सोडली, तर ती शिल्लक उणे होते.

आता त्या वाटेचे शरीर पाहू. फोक्सवॅगनच्या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर आडवे झोपलेले असतात. उजवीकडे पुढे पहिला आणि मागे दुसरा, डावीकडे पुढे तिसरा आणि मागे चौथा. मागच्या दोन सिलिंडरांची निष्कास-तोंडे मागे वळलेली असल्याने ती थेट मागच्या आडव्या सायलेन्सरला जोडली जातात. पुढच्या दोघांची तोंडे पुढे असल्याने त्यांच्या नळ्या आधी पुढे निघून, वळसा घेऊन, इंजिनाच्या खालून मागे येतात. या वळशाच्या नळ्यांभोवती धातूच्या पाकळ्या आणि त्यांवर पत्र्याचे कवच असते. त्या कवचातून पंख्याची थोडी हवा फिरवली की ती जळक्या वायूच्या उष्णतेने गरम होते आणि हिवाळ्यात प्रवाशांच्या कक्षात सोडता येते. या भागाला उष्णता-विनिमयक म्हणतात, आणि रेडिएटर नसलेल्या गाडीत ऊब मिळवण्याचा हाच सोपा मार्ग होता. आणखी एक बारीक नळी सायलेन्सरच्या दोन बाजूंपासून निघून कार्बुरेटरच्या खालच्या आडव्या नळीला चिकटून जाते. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारे उपकरण; त्यात पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक घसरते, आणि हवा दमट असेल तर आत चक्क बर्फ साचतो. ते टाळण्यासाठी ही गरम वायूची नळी. आपल्याकडे थंडी कुठे एवढी, असे म्हणून ती बंद करणारे पुष्कळ असतात. पण बर्फ साचायला थंडीपेक्षा दमटपणा अधिक कारणीभूत असतो, आणि जुलै-ऑगस्टमधली भोपाळची पंचवीस अंशांची ओली हवा त्याला पुरेशी असते. ही नळी बंद करू नये.

निष्कास यंत्रणेचे आयुष्य आतून संपते, बाहेरून नव्हे, ही गोष्ट मालकांना फार उशिरा कळते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांबवर चालली तर ती वाफ बाहेर निघून जाते, पण संग्रहात ठेवलेली व्हॅन महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालू करून बंद केली तर ते पाणी सायलेन्सरच्या पोटात साचून, ज्वलनातल्या आम्लांसह, पत्रा आतून खात राहते. भोपाळसारख्या तलावांच्या गावात पावसाळ्याचे चार महिने बाहेरूनही ओल असतेच. त्यामुळे वरून रंगवलेला, चकचकीत दिसणारा सायलेन्सर हातोडीच्या हलक्या टोल्याने फुटतो. कवचातली नळी अशी आतून झिजली तर त्याहून मोठे संकट उभे राहते. जळका वायू उबदार हवेत मिसळून प्रवाशांच्या कक्षात येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला, रक्तातल्या प्राणवायूची जागा घेणारा विषारी वायू आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या, वायुगळतीच्या रात्रीनंतर न दिसणाऱ्या वायूचा अर्थ या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या व्हॅनचा हीटर नळीची तपासणी झाल्याशिवाय चालू करू नये, आणि ही तपासणी डोळ्यांनी होत नाही. कवच सोडवून, नळीचे एक तोंड बंद करून, दुसऱ्याने हवा भरून, साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहावे लागतात.

यंत्रणा बदलायची ठरली की तीन वाटा समोर येतात. पहिली, मूळ नमुन्याचाच सायलेन्सर आणि विनिमयक चांगल्या धातूत करून घेणे. दुसरी, विनिमयक काढून त्यांच्या जागी नुसत्या वळशाच्या नळ्या, ज्यांना इंग्रजी जे अक्षराच्या आकारावरून ‘जे-नळ्या’ म्हणतात, त्या बसवणे. तिसरी, चारही सिलिंडरांच्या नळ्या समान लांबीच्या करून त्या एका ठिकाणी मिळवणारी ‘फोर इन टू वन’ जोडणी लावणे. तिसरीचे आकर्षण सर्वांत अधिक असल्याने तिचे शास्त्र नीट समजून घेणे आवश्यक आहे.

या इंजिनात ठिणगीचा क्रम १, ४, ३, २ असा आहे आणि दर १८० अंशांच्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो. उजव्या बाजूचे १ आणि २ पाहिले तर २ नंतर लगेच १ ची पाळी येते आणि मग बराच वेळ त्या बाजूला काहीच घडत नाही. डावीकडे ४ आणि ३ चेही तसेच. म्हणून प्रत्येक बाजूच्या दोन नळ्या आपापसांत जोडल्या तर एकाचा वायू बाहेर पडत असतानाच शेजाऱ्याचा धक्का त्याच नळीत येऊन आदळतो आणि वायू मागे रेटला जातो. याउलट १ आणि ३, तसेच ४ आणि २, यांच्यात नेमके ३६० अंशांचे, म्हणजे अर्ध्या चक्राचे अंतर असते. त्यांच्या नळ्या इंजिनाखालून आडव्या नेऊन जोडल्या, किंवा चारही नळ्यांची लांबी समान ठेवून एकाच गळ्यात आणल्या, तर धक्के ठेक्याने येतात, आणि पुढे गेलेल्या वायूच्या मागे निर्माण झालेली पोकळी पुढच्या सिलिंडरचा वायू ओढून घेते. याला वायूचे अनुकर्षण म्हणता येईल. मूळच्या सायलेन्सरमध्ये ही समानता नसते, कारण पुढच्या नळ्या लांब आणि मागच्या आखूड असतात. त्या विषमतेतूनच या गाडीचा तो ओळखीचा, थोडा अडखळता आवाज येतो.

शास्त्र इतके सरळ असूनही या जोडणीने साध्या १६०० च्या (म्हणजे १५८४ घन सेंटिमीटरच्या) इंजिनाला मिळणारा फायदा अगदी थोडा असतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जे इंजिन एकाच छोट्या कार्बुरेटरमधून श्वास घेते त्याला निःश्वासाची वाट कितीही रुंद करून दिली तरी आत येणारी हवा फारशी वाढत नाही. शिवाय नळी जितकी जाड तितका वायूचा वेग कमी, आणि वेग गेला की ओढही गेली. साध्या इंजिनाला सुमारे ३५ मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी पुरते, आणि ३८ मिलिमीटरची नळी दोन कार्बुरेटर किंवा मोठे सिलिंडर लावलेल्या इंजिनासाठी असते. दुकानात टांगलेली जाड, चकाकणारी नळी पाहून तीच उत्तम असे मानणे म्हणजे हलक्या बैलगाडीला मालगाडीची चाके लावण्यासारखे आहे.

या विषयावरच्या चर्चेत ‘मागचा दाब’ ही एक गैरसमजूत फार खोल रुजलेली दिसते. सायलेन्सर मोकळा केला तर मागचा दाब जातो आणि त्यामुळे निष्कास-झडप जळते, असे सांगितले जाते. झडप जळते हे खरे, पण कारण दुसरे आहे. वाट मोकळी झाली की सिलिंडर थोडा अधिक भरतो, कार्बुरेटर मात्र जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो, आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रण अधिक उष्णतेने आणि सावकाश जळते. झडप उघडते तेव्हाही ज्योत धगधगत असते आणि तिच्या काठाला ती भाजते. उपाय नळी अरुंद करण्यात नसून कार्बुरेटरच्या मुख्य जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी छिद्राचे, माप वाढवण्यात आहे. या इंजिनात तिसरा सिलिंडर सर्वांत आधी भाजतो, कारण १९७० पर्यंतच्या रचनेत तेल थंड करणारा उभा कूलर पंख्याच्या आवरणातच, त्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असे; पुढच्या रचनेत तो बाहेर काढला गेला, तरी तिसऱ्यावर लक्ष ठेवण्याची सवय सुज्ञ मिस्त्रींनी सोडलेली नाही.

मिश्रणाच्या या हिशेबात आता एक नवा घटक आला आहे. भारतातल्या पंपांवर २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते; शुद्ध पेट्रोलला एका वजनामागे सुमारे १४.७ पट हवा लागते तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढेच इंधन गेले तर मिश्रण आपोआप सुमारे सात ते आठ टक्क्यांनी पातळ होते. दुसऱ्या बाजूला, विरळ हवेत कार्बुरेटरची चूक उलट दिशेने होते, म्हणजे हवेचे वजन घटले की मिश्रण जाड होत जाते. वर सांगितलेल्या मे महिन्याच्या चौदा टक्के घटीमागे ते ढोबळ हिशेबाने सात-आठ टक्क्यांनी जाड होते. भोपाळच्या मे महिन्यात या दोन चुका एकमेकींना जवळजवळ रद्द करतात आणि गाडी ठीक चालते असे वाटते. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांच्या घट्ट हवेत मात्र उंचीमुळे येणारा जाडपणा दोन-तीन टक्क्यांपुरताच उरतो आणि इथेनॉलचा पातळपणा तसाच राहतो. त्यात मोकळ्या सायलेन्सरची भर पडली की झडपा जळण्याची सोय पूर्ण होते. म्हणून नव्या निष्कास यंत्रणेबरोबर जेट बसवायचे असेल तर ते हिवाळ्यात, थंड सकाळी, भार घेऊन तपासून बसवावे. उन्हाळ्यात लावलेले माप फसवे ठरते.

जे-नळ्यांच्या वाटेत एक वेगळा सापळा आहे. विनिमयक काढले की पंख्याच्या आवरणातून त्यांच्याकडे हवा नेणाऱ्या दोन तोंडांना काही जोडलेले राहत नाही, आणि ती उघडी राहिली तर सिलिंडरांसाठी असलेली हवा तिथून वाया जाते. ती दोन तोंडे पत्र्याच्या टोपणांनी पक्की बंद करावी लागतात, आणि हे छोटेसे काम विसरल्यामुळे सुधारणेनंतर गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. तसेच इंजिनाभोवतीचा जो पत्रा आहे, ज्याला अनेकजण शोभेचे आच्छादन समजतात, तो खरे तर एक भिंत आहे. वरची थंड हवा पंख्याला आणि खालची गरम हवा जमिनीकडे, असा तिचा न्याय असतो. पत्रा कापून मोठी नळी बसवली, किंवा त्याच्या कडेचे रबर कुजले, तर सायलेन्सरची धग वर चढून पंख्याच्या तोंडात शिरते आणि इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासात श्वास घेऊ लागते. भोपाळच्या उन्हाळ्यात पत्रा आणि रबर धडके नसताना महागडी नळी लावणे व्यर्थ आहे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत अवघड क्षण सुरुवातीलाच येतो. सिलिंडरच्या माथ्यात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, आठ मिलिमीटरचे पोलादी स्टड बसवलेले असतात. पन्नास वर्षांच्या उष्णतेने नट त्यांच्याशी एकजीव झालेला असतो. पाना जोराने फिरवला की स्टड तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हेडमधले आटे घेऊन बाहेर येतो. जाणता मिस्त्री आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवतो, नट गॅसच्या ज्योतीने तापवतो, पुढे-मागे थोडा थोडा हलवतो आणि आटे गेलेच तर लेथवर नवे आटे पाडून त्यात तारेचा वेढा बसवून घेतो. जुन्या भोपाळातल्या कबाडखान्याच्या वस्तीत नळ्या, फ्लँज, पत्रे यांचा साठा धुंडाळता येतो. परंतु सिलिंडरला लागणारी पॅकिंग, म्हणजे दोन धातूंच्या जोडातली गळती अडवणारी चकती, आणि तांब्याचा थर दिलेले नट नवेच घ्यावेत. जोडातून गळती राहिली तर वायू बाहेर पडतोच, पण पाय उचलल्यावर बाहेरची हवा आतही ओढली जाते, आणि मग सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. धूर तपासताना हीच आत शिरलेली हवा वायूत मिसळून आकडा खोटा चांगला दाखवते.

धातूच्या निवडीत भोपाळच्या कारागिरांना एक हिशेब करून द्यावा लागतो. साध्या पोलादाची नळी तापल्यावर जेवढी लांबते त्याच्या दीडपटीजवळ ३०४ जातीचे स्टेनलेस लांबते. साठ सेंटिमीटरची नळी चारशे अंशांनी तापली तर साधे पोलाद सुमारे तीन मिलिमीटर आणि ३०४ स्टेनलेस सुमारे चार मिलिमीटर वाढते. हा एक मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण दोन्ही टोकांना ताठ बांधलेल्या नळीत तो कुठे तरी जाणारच, आणि तो वेल्डिंगच्या सांध्यात किंवा हेडच्या स्टडमध्ये तडा देऊन जातो. स्टेनलेस वापरायचे असेल तर मूळ रचनेप्रमाणे सायलेन्सर आणि नळ्या यांच्यात सरकता जोड व क्लॅम्प ठेवलाच पाहिजे. मोटारींच्या कारखान्यांत निष्कास नळ्यांसाठी पुष्कळदा वापरले जाणारे ४०९ जातीचे स्टेनलेस साध्या पोलादाइतकेच लांबते आणि गंजाला बऱ्यापैकी टक्कर देते. या कामासाठी तेच अधिक शहाणपणाचे. शेवटी एक सावधगिरी : १७०० घन सेंटिमीटर आणि त्याहून मोठी इंजिने असलेल्या, १९७१ नंतरच्या व्हॅनची निष्कास-तोंडे वेगळ्या रचनेची असल्याने वर सांगितलेल्या नळ्या त्यांना बसत नाहीत.

कायद्याची बाजू संग्राहकांनी हलक्यात घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये घातलेल्या तरतुदींनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात; त्यांना राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. १९७५ मध्ये नोंदलेली व्हॅन २०२५ मध्ये या कक्षेत आली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मूळ रूपाची अट पाहता मूळ नमुन्याचा सायलेन्सर सुरक्षित, आणि चारनळी जोडणी वादाला निमंत्रण देणारी. धुराबाबत भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना मंद वेगावर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत आणि न जळलेले हायड्रोकार्बन दशलक्षांत १५०० भागांपर्यंत मुभा आहे. धडधाकट फोक्सवॅगन इंजिन ही मर्यादा सहज पाळू शकते. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

काम झाल्यावर परीक्षा घ्यायला भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या सुमारे सत्तर किलोमीटरच्या रस्त्याइतकी योग्य जागा नाही. औबेदुल्लागंज आणि भीमबेटकाचा फाटा मागे टाकून विंध्याचा उतार बुधनीकडे जातो. परतताना तोच चढ भरल्या गाडीने चढावा लागतो, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगखाली बसवलेल्या उष्णतामापकाचा काटा तिथे खरे बोलतो. हेडचे तापमान साधारण दोनशे अंशांच्या आत आणि तेलाचे एकशेवीसच्या खाली राहिले तर काम साधले असे समजावे. थंड इंजिनावर झडपांची फट ०.१५ मिलिमीटर आहे का, हे पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. फट कमी झालेली आढळली तर झडप तापून ताणते आहे आणि मिश्रण अजून पातळ आहे. या रस्त्याचा बराच भाग रातापानीच्या वनातून जातो, ज्याला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे मोठ्या आवाजाची गाडी नेणे अपराधासारखेच मानावे.

या सर्वांवरून निवाडा असा निघतो की भोपाळात ठेवलेल्या साध्या १६०० च्या व्हॅनसाठी मूळ नमुन्याचा, ४०९ स्टेनलेसमध्ये घडवलेला सायलेन्सर, धडके विनिमयक किंवा ते नसतील तर तोंडे बंद केलेल्या जे-नळ्या, अखंड पत्रा आणि हिवाळ्यात जुळवलेला जेट, ही सुधारणा उत्तम आहे. बाकीचा पैसा मापकावर आणि पॅकिंगवर खर्च करावा. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना एकच विनंती : काढलेले मूळ विनिमयक आणि सायलेन्सर, कितीही गंजलेले असोत, भंगारात देऊ नयेत. त्यांवर तेल लावून, कापडात गुंडाळून, नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवावेत, कारण पुढचा मिस्त्री नवी नळी घडवताना माप त्यांच्यावरूनच घेणार आहे.